कपाळावरचा भंडारा

त्या नाताळच्या सुट्टीत मी बोर्डिंगमधून घरी आले, तेव्हा आई धनगरांच्या वाड्यावर निघायच्या तयारीत होती. ती मिशनची बायबलबाई. खेड्यापाड्यांतल्या बायकांना शुभवर्तमान सांगायचं आणि पेटीतली साधी औषधं द्यायची, हे तिचं काम. या वेळी विलायतेतून नव्यानं आलेल्या मडमही चार दिवस बरोबर येणार होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषी म्हणून मला नेलं. मी घरातसुद्धा मोजकं बोलणारी.

रहिमतपूरच्या पुढे एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. जाळीच्या कुंपणात कोकरं, बाजूला घोडी, उघड्यावर चुली. पुरुष मेंढरांमागे गेले होते. बायकांनी आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. माझे बूटमोजे पाहून एकीनं विचारलं, पोरीच्या पायाला खरूज हाय का, बांधून ठेवलंय ते? सगळ्या हसल्या. मी पाय जवळ ओढले.

आईचं लक्ष मात्र एका तरुण बाईच्या मांडीवरच्या मुलीकडे होतं. पापण्या पुवानं चिकटून गेल्या होत्या. डोळे आत्ताच धुतले नाहीत तर दृष्टी जाईल, असं आईनं सांगितलं. आपल्याच भांड्यात पाणी उकळून त्यात बोरिक घातलं आणि हात पुढे केला. तेवढ्यात मुलीची आजी मध्ये आली.

"हात लावायच्या आदी सांगा. तुमी कुणातल्या?"

आम्ही ख्रिस्ती, असं मिशनमधली माणसं सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. शाळेत मी तर त्याच्या मागचं कधी निघूच देत नसे. आईनंही तेच सांगितलं. म्हातारीनं विचारलं, ते कळलं, पण त्याआधी कोण?

"म्हाराची लेक हाय मी," आई म्हणाली. "पोरीचं डोळं धुवायचं तर ह्योच हात लागंल. नगं म्हणाल तर उठते."

एरवी मिशनची स्वच्छ भाषा बोलणाऱ्या आईच्या तोंडून तिच्या गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. एका बाईनं आपल्याकडचं घोंगड्याचं टोक ओढून घेतलं. काय चाललंय, असं मडमनी विचारलं. आपण कुठल्या ते विचारतायत, एवढंच मी सांगितलं.

पाणी निवत चाललं होतं. मग ती तरुण बाई सासूकडे न बघता पुढे सरकली आणि तिनं मुलीचं डोकं आईच्या मांडीवर ठेवलं. म्हातारी पाठ फिरवून बसली.

त्यानंतर आम्ही सकाळ-संध्याकाळ जात होतो. आई डोळे धुवायची, पिवळं मलम घालायची. आम्ही निघालो की म्हातारी नातीवर पाणी शिंपडायची. ते लांबूनही दिसायचं. बसायला घोंगडंही पुन्हा कुणी टाकलं नाही.

शेवटच्या दिवशी मुलीनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा माझ्या बुटाची नाडी ओढली. तिलाबी खरूज दिसली बग, असं ती पहिलीच बाई म्हणाली. या वेळी मीही हसले.

आम्ही निघालो तेव्हा म्हातारी बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी घेऊन आली. आई नको म्हणेल, असं मला वाटलं. मिशनला असलं चालत नसे. म्हातारीनं भंडारा लांबून टाकला नाही. अंगठा बुडवून तिनं तो आईच्या कपाळावर दाबला आणि कानशिलापर्यंत ओढला. आईनं मान खाली केली.

वाटेत मडम अस्वस्थ होत्या. बायबलबाईनं देवाची हळद कशी लावून घेतली, असं त्यांनी आईला विचारायला सांगितलं.

"त्यांना म्हणावं, म्हातारीनं मला हात लावला," आई म्हणाली.

मी तसंच सांगितलं. त्यात विशेष काय, ते मडमना कळेना. मग मी सगळं सांगितलं. आम्ही कोण, आजोबांना पाणी कुठून आणि कसं मिळायचं, त्या बाईनं घोंगडं का ओढलं. हे मी इंग्रजीत कधी कुणापाशी बोलले नव्हते. आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही.

आई पेटी घेऊन पुढे चालली होती. ऊन चढलं होतं, भंडारा घामाबरोबर भुवईपर्यंत उतरला होता. तिनं पदरानं डोळे तेवढे टिपले. कपाळ तसंच ठेवलं.