चारचौघांतलं बोलणं

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको पडवीत बसून सुकट निवडत होतो. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, बारकी कोळंबी. त्यात शिंपल्यांचे तुकडे, काड्या, एखादं बारकं खेकडं राहून जातं, ते वेचून काढायचं. मी म्हटलं, "यंदा माल झकास झालाय." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मी कोणाला शिवीच दिली. "हळू बोला. बरा हाय, येवढंच म्हणायचं." मी परत निवडायला लागलो. थोड्या वेळानं ती सूप घेऊन उठली, भिंतीला हात लावला आणि परत खाली बसली. मला वाटलं, काहीतरी आठवायला बसली. तर ती गेली होती.

तिला सगळा गाव बाय म्हणायचा, मी पण बायच म्हणायचो. आपल्या माणसाला, आपल्या वस्तूला चारचौघांत चांगलं म्हणायचं नाही, दृष्ट लागते, हे आमच्या खाडीकाठच्या सगळ्याच बायकांना माहीत आहे. पण बाकीच्या कधीतरी विसरतात. बाय कधी विसरली नाही. आमच्या हळदीला तिच्या मावशीनं तिला विचारलं, "नवरा कसा हाय गो?" ही म्हणाली, "लाँचीवर दोर टाकतो. डिझेलचा वास येतो." मी कुडापलीकडे उभा होतो. मला वाटलं, मोडलं लग्न. मग तिची बहीण बाहेर येऊन म्हणाली, "भावजी, घाबरू नका, लाजून लाल झालीय ती." तेव्हापासून तिचं बोलणं मी उलटं करून ऐकायला शिकलो. तरी कधी कधी चुकायचो.

आगरदांड्याहून लाँचीनं दिघीला उतरून ती बोर्ली पंचतनच्या बाजाराला सुकी मासळी न्यायची. बाजारात बाकीच्या बायका ओरडायच्या, असा माल मुंबईला पण मिळणार नाही. बाय पाटीसमोर बसून म्हणायची, "बोंबील बरं हायत. घ्यायचं तर घ्या." आणि पाटी सगळ्यांच्या आधी रिकामी. गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. ती "बरं" म्हणाली म्हणजे डोळे मिटून घ्यायचं, आणि "चालंल" म्हणाली म्हणजे पुढं जायचं. तिथली सगळी माणसं हे समजून होती, म्हणून तिचं कधी काही अडलं नाही.

आमची नात प्रणाली पनवेलकडे कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते. बाय तिला इंजिनेर म्हणायची, तेही चिडवून. कोणी म्हटलं, नात लय शिकली, की हिचं ठरलेलं, "कसली शिकते? ढ हाय. डबड्यासमोर बसून डोळं फोडते." आणि पोरगी सुट्टीला आली की त्याच संध्याकाळी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका आला नाही, की आम्हाला म्हणायची, "बघा, केवढी दृष्ट लागलेली पोरीला!"

एका वर्षी अवकाळी पाऊस आला आणि खळ्यावर वाळत घातलेला सगळा जवळा भिजला. पोरगी तेव्हा घरी होती. बाय ओला जवळा टोपलीत भरत होती. पोरीनं ते बघितलं. मग एक दिवस तिचा फोन आला, एका मोठ्या कंपनीचं हॅकेथॉन आहे, समाजाच्या भल्यासाठी. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, दोन दिवस पोरं एका हॉलात बसतात, काहीतरी नवीन बनवतात, जिंकलं तर कंपनी सुट्टीत कामावर घेते, पुढं नोकरी पण मिळू शकते. मी म्हटलं, "दोन दिवसांत समाजाचं भलं? सरकारला जमलं न्हाय." म्हणाली, "आजोबा, नमुना बनवायचा असतो." नमुना कळला. बाकीचं अजून कळलं नाही.

तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी बनवलं ते असं. पाऊस जवळ आला की आजीच्या फोनमधून पोरीच्या आवाजात हाक यायची, "आजी, सुकट उचल!" दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर दाखवताना, ज्याच्यासाठी बनवलं तो माणूस समोर असला तर मार्क जास्त, म्हणून तिनं आम्हाला एसटीनं बोलावून घेतलं. ही नोकरी तिला किती हवी होती ते मला माहीत होतं. आमचा मुलगा टेम्पो चालवतो. शिकून बाहेर पडल्यावर ओळख कोणाची सांगायची, हाच तिच्यापुढचा प्रश्न.

हॉलात एवढा गारवा, की बायनं पदर डोक्यावरून घेतला. पोरं जमिनीवरच्या मऊ पोत्यांत रुतून बसलेली, कोणी पोत्यातच झोपलेलं. बाय कानात म्हणाली, "आवो, यांना खुर्च्या पुरल्या न्हाईत काय?" एका पोरीनं येऊन तिला कंपनीचा टी-शर्ट दिला. नको म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून बायनं तो लुगड्यावरच चढवला आणि तशीच बसली. पोरांसाठी तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी नेली होती. डबा उघडल्यावर सगळ्या हॉलात वास गेला. दुसऱ्या टोळीतली पोरं पण वास काढत आली आणि बायनं सगळ्यांना वाढलं. प्रणालीची मैत्रीण म्हणाली, "आजी, ते आपल्या विरोधातले आहेत." बाय म्हणाली, "मग उपाशी ठेवू?"

मग एकेक टोळी पुढं जाऊन बोलायला लागली. एक पोरगा म्हणाला, असं काम देशात कोणी केलेलं नाही. दुसरी म्हणाली, आमचं हे जग बदलून टाकेल. बाय मान खाली घालून बसली. मला म्हणाली, "काय तरी बोलतात. यांच्या घरात मोठं माणूस न्हाय काय?"

आमच्या पोरीची पाळी आली. चांगलं बोलली. एकदा पण अडखळली नाही. मग चष्मेवाल्या बाईसाहेबांनी बायला पुढं बोलावलं. मराठीतच विचारलं, "आजी, नातीनं तुमच्यासाठी बनवलंय. कसं वाटलं? रोज वापराल ना?"

दोनशे माणसं असतील, मला नक्की सांगता येणार नाही, सगळी हिच्याकडे बघत होती. टी-शर्ट घातलेली बाय, बाजूला नात. बाय हसली आणि म्हणाली, "पोरखेळ हाय, बाई. आमचं काय अडत न्हाय त्याच्याबिगर."

सगळा हॉल हसला. साहेब लोकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की हा बोर्लीचा बाजार नाही.

बक्षीस जग बदलणाऱ्यांना मिळालं. बाहेर आल्यावर पोरगी पुढं पुढं चालायला लागली. बाय मागून धापा टाकत, "अगो, थांब तरी!"

पोरगी वळली. "असं का बोललीस, आजी?"

"मग काय चारचौघांत तुझी आरती ओवाळू?"

"हो! त्यासाठीच तर आणलं होतं तुला! काढून टाक ते ॲप फोनमधून. पोरखेळ आहे ना?"

 एसटीत बाय खिडकीशी बसली, टी-शर्ट अंगातच होता. तिकीट काढून झाल्यावर म्हणाली, "आवो, मी वाईट काय बोलले?"  बाय चुकली म्हणावं, तर तिनं पोरीला जपलंच होतं. पोरगी चुकली म्हणावं, तर तिच्या हातातलं गेलं होतं. मी अजून विचार करतो आणि अजून तिथंच आहे.

त्यानंतर पोरीचे फोन बंद झाले. बापाकडे निरोप द्यायची, अभ्यास आहे, सुट्टी नाही. बाय आपणहून फोन करणाऱ्यातली नव्हती. मला तेवढं विचारत राहायची, कधी भात वाढताना, कधी पाटी बांधताना, "तिकडं रीतच तशी असंल, आपणच आपल्याला चांगलं म्हणायची, तर मला आधी सांगायला नको?" मी म्हणायचो, "सांगितलं असतं तर बोलली असतीस?" मग ती विचार करायची आणि म्हणायची, "न्हाय. जीभ वळली नसती."

पण ॲप तिनं काढलं नाही. काढता येत नव्हतं म्हणून नव्हे, शेजारचं कोणीही काढून दिलं असतं. आभाळ निरभ्र असलं तरी फोन ओरडायचा, "आजी, सुकट उचल!" आणि बाय हातातलं टाकून खळ्यावर धावायची. "उचलते गो, उचलते. ओरडू नको." कधी पाऊस यायचा, कधी यायचा नाही. मी एकदा म्हटलं, "आज न्हाय येणार, कशाला धावतेस?" तर म्हणाली, "पोरगी हाक मारते, तर बसून राहू?" तेवढाच पोरीचा आवाज आमच्या घरात राहिला होता. हे पोरीला कळवावं, असं मला वाटायचं. बायनं शपथ घातली होती, "सांगाल तर बघा."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि प्रणाली आले. पोरगी बायच्या पायाशी बसली. रडत नव्हती, कोणाकडे बघतही नव्हती. बायका भोवती जमलेल्या. बोर्लीच्या बाजारात बायच्या शेजारी बसायची ती म्हातारी लाँचीच्या पहिल्या फेरीनं खाडी ओलांडून आली होती. ती पोरीकडे बघून म्हणाली, "हीच काय बायची नात? ती शिकणारी?"

असल्या प्रश्नाला उत्तर नेहमी बायच द्यायची. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "कसली शिकते, ढ हाय," हेच माझ्या तोंडाशी आलं होतं, इतक्या वर्षांची ऐकायची सवय. मी ते गिळलं.

"व्हय," मी म्हटलं, "हीच. लय हुशार हाय. हिनं फोनमधून हाक मारली की बाय खळ्यावर पळायची. यंदा आमच्या मालाला पावसाचा थेंब लागू दिला न्हाय हिनं."

पोरीनं मान वर केली. "आजोबा, ती वापरत होती?"

"रोज. तुझ्याशी बोलायची पण."

तेव्हा ती रडली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही, मयताच्या घरी तर नाहीच.  केलं ते बरोबर की चूक, काही कळेना, आणि मी सवयीनं बायच्या तोंडाकडे बघितलं.