भात वाढायच्या खिडकीमागे

पालखीनं हमरस्ता सोडला आणि ती भातशेतांमधल्या अरुंद वाटेला वळली, तेव्हा त्साय-युनताईंनी माझा दंड घट्ट धरला. वाट आधी ठरलेली नसतेच. माझू आई, आमची समुद्राची देवी, खांदेकऱ्यांना जिकडे ओढील तिकडे पालखी पळते, आणि तिच्यामागे आपण. कधी ती एखाद्या आजाऱ्याच्या दारात थांबते, कधी पोलीस चौकीत शिरते. आम्ही सकाळपासून चालत होतो, पायांचे तुकडे पडले होते. पण ताईंनी दंड धरला तो पाय दुखतात म्हणून नव्हे.

"पुढे शाळा आहे," त्या म्हणाल्या.

होतीच. गुलाबी पालखी फाटकातून आत गेली, मुलं मैदानात ओळीनं गुडघ्यांवर वाकली, आईची पालखी त्यांच्या पाठींवरून गेली आणि छपराखाली विसाव्याला टेकली. सगळे पाणी पीत गवतावर बसले. ताई मात्र फाटकाबाहेरच थबकल्या. "आईनं मला पकडलंच बघा," एवढंच म्हणाल्या.

कशात पकडलं ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून त्या माझ्या शेजारीण. समुद्राकाठच्या कालवं सोलणाऱ्या घरात जन्मल्या, सहावीनंतर शाळा सुटली. नवरा भला माणूस, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून खुर्चीतच. गावच्या माध्यमिक शाळेत त्या स्वयंपाकघरात आहेत आणि त्या पगारावर दोघांचं चालतं. दर जुलैला करार नवा होतो. जून लागला की ताईंची झोप उडते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. धीट बाई त्या कधीच नव्हत्या. पोस्टमननं दार वाजवलं तरी आधी पडद्याआडून बघायच्या.

आमच्या गावच्या त्या शाळेचा मुलींचा रस्सीखेचीचा संघ तालुक्यात नावाजलेला. खेळाच्या ह्वांग सरांनी तो शून्यातून उभा केला, हे खरंच आहे. संघातल्या मुलींना पुढे चांगल्या शाळेत प्रवेश मिळतो, म्हणून दूरदूरच्या मुली इथं येऊन वसतिगृहात राहतात. यी-चन त्यातलीच एक. केस मुलांसारखे कापलेले, खांदे रुंद, बोलणं कमी. रोज भात वाढायच्या खिडकीशी येऊन म्हणायची, "मावशी, करपलेला भात असेल तर मला द्या." तिला खरपूड आवडायची. वसंतात गावात कुजबुज झाली की तिचा दुसऱ्या एका मुलीवर जीव आहे. आठवड्याभरात ती संघातून गेली, वसतिगृहातूनही. सरांनी सांगितलं, आठ जणींचं एकूण वजन मर्यादेच्या वर जात होतं, कुणाला तरी काढणं भाग होतं.

पोरगी गप्प बसली नाही. तिनं शाळेच्या समितीकडे लेखी तक्रार केली. तसा कायदाच आहे आमच्याकडे. सरांनी तिला काढलं ते भाताच्या खिडकीशीच, आणि त्या वेळी आत स्वयंपाकघरात कोण होतं, हेही तिनं सांगितलं. मग चौकशीच्या बाईंचा ताईंना फोन आला. बाई गोड बोलत होत्या म्हणे. मुलगी कशी दिसते, कुणावर जीव लावते, यावरून शाळेला तिला बाजूला काढता येत नाही. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. साक्ष दिली म्हणून तुम्हाला कुणी त्रास दिला तर तेही कायद्यानं चालत नाही. सोमवारी या.

ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. "नाव झाकतील हो. पण तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटीच होते. झाकून झाकून काय झाकणार?"

निघण्याआधी त्यांनी देवळात कौल लावला होता. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकायचे; दोन्हींच्या सपाट बाजू वर आल्या तर आई हसली म्हणायचं, म्हणजे होकारही नाही, नकारही नाही. सांगू का, विचारलं, आई हसली. गप्प राहू का, विचारलं, तरी हसली. प्रश्न नीट विचारला नाही की ती हसते असं सगळे धरतात. ताईंना ते ठाऊक होतं, तरी त्या घाबरून चालायला निघाल्या, आणि एकट्यानं नको म्हणून मी बरोबर. माझाही नवस होता, तो फिटायचा होता.

आणि त्याच दिवशी सकाळी वाटेत पी-श्या भेटली. ह्वांग सरांची बायको. तीही पालखीबरोबर होती, टोपीला फूल लावून. रस्त्याकडेला लोक फुकट खाऊ वाटतात, तिथून तिनं ताईंसाठी वाफेचा पाव आणला. ताई तो नुसता हातात धरून चालत राहिल्या.

"खा हो ताई, तुमचं थोडंच वजन करायचंय?" पी-श्या म्हणाली आणि स्वतःच हसली. मग आपल्या रुमालानं ताईंचा घाम पुसत सांगत राहिली की जुलैत स्वयंपाकघरात नवी माणसं घ्यायचं चाललंय, पण आमचे हे म्हणतात, त्साय-युनताईंच्या हातचा भात नसेल तर पोरी रस्सी काय ओढणार. ताई कशा कुणाच्या अध्यात ना मध्यात. अगदी मायेनं बोलत होती. ती पुढे गेल्यावर ताईंनी तो पाव तसाच माझ्या पिशवीत टाकला.

म्हणून वाटेतल्या त्या परक्या शाळेच्या फाटकाशीही त्यांचे पाय रुतले. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात आईचं नाव घेत होते. तेवढ्यात तिथल्या स्वयंपाकघरातल्या बायका सूपाची पिंपं घेऊन बाहेर आल्या. माणसं फार आणि वाडगे कमी. ताईंनी ते पाहिलं आणि न विचारताच आत जाऊन मोरीपाशी उभ्या राहिल्या. त्या वाडगे विसळू लागल्या. मी पुसत होते. त्या बायका वाढायला बाहेर गेल्या, तेव्हा ताई वाडग्याकडेच बघत बोलू लागल्या.

त्यांच्या लहानपणी शाळेत घरची भाषा बोलायला बंदी होती. कुणी बोललं की गळ्यात पाटी. ती उतरवायची तर दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. एकदा पाटी ताईंच्या गळ्यात आली. त्या विहिरीमागे कान लावून बसल्या. त्यांची मैत्रीण आजीला हाक मारायला घरच्या भाषेत ओरडली, आणि ताईंनी ती मैत्रीण दाखवून दिली.

"तेव्हापासून मी ऐकलेलं सांगत नाही, वहिनी. सांगितलं की पाटी कुणाच्या तरी गळ्यात पडते." त्यांनी आणखी एक वाडगा माझ्याकडे दिला. "पण यी-चनच्या गळ्यात ती आधीच आहे. आणि घातली तेव्हा मी खिडकीमागे होते."

मग त्यांनी ह्वांग सरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, हळू आवाजात, दाराकडे बघत. "वजनाचं मी सांगीन लोकांना. खरं तुला माहितेय. कोल्ह्याला कोंबड्यांच्या खुराड्यात झोपवलं तर पालक मला जोड्यानं मारतील. केस वाढव, नीट मुलीसारखी हो, मग बघू." पोरीनं ताट तसंच खिडकीत ठेवलं. भाताला हातही लावला नव्हता. ताईंनी ते ताट आत ओढून घेतलं आणि खिडकी लावली.

बाहेर झांजा वाजायला लागल्या. पालखी उठत होती. ताईंनी नळ बंद केला, पण मोरीची कड सोडली नाही.

"आता तुम्हीही ऐकलंत," त्या म्हणाल्या. "सोमवारी माझ्याबरोबर चला. आत घेणार नाहीत, तुम्ही बाहेर बाकावर बसा. मी बाहेर आले की विचारा, काय सांगितलंत? आणि मी जर म्हणाले की भाताच्या वाफेत काही नीट ऐकू आलं नाही, तर मला तिथंच, सगळ्यांसमोर खोटारडी म्हणा. लाज धरू नका माझी. म्हणाल ना, वहिनी?"