मायची सपाट रेघ

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचं लोहा गावातलं घर धम्म घेतलेलं — नवस, उतारे, अंगात येणं असलं काही उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यात मी लातूरच्या कॉलेजात आयुष्यभर संशोधन केलं ते रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर. "जे मोजता येतं तेच खरं," असं वर्गात मोठ्या तोऱ्यात म्हणायची.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि दुष्काळ असा की टँकर आला की प्रयोग टाकून मीही घागर घेऊन पळायची. तशात लोह्याहून निरोप आला, मायला दिसेनासं झालंय. गावाचं म्हणणं, दुष्काळात पालेभाजी नाही, रातांधळेपणा असेल, बकऱ्याचं काळीज चारा. मलाही तीच आशा होती... गोळ्यांनी बरं होईल. आणि काय सांगू, लोह्यात भिंत धरून चालणारी माय माझ्याकडे आली आणि दोन-चार दिवसांत तांदूळ निवडायला बसली! मी म्हटलं, जिंकलं.

खात्री करावी म्हणून तिला कॉलेजातल्या माझ्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. दिवा चमकला की चांगला रेटिना बारीकशी वीज सोडतो आणि कागदावर लाट उमटते. मायच्या डोळ्यांना तारा लावल्या. रेघ सपाट. मशीन बिघडलं असेल म्हणून माझ्या डोळ्यांना लावून पाहिल्या, तर चांगली मोठी लाट. परत तिच्या — सपाट. तो रेटिना मेलेला होता, त्यावर औषध नाही.

"माय, तुला काहीच दिसंना का?"

"दिसून राहिलं की. दिव्याच्या वर पाल हाय, ती हाकल आधी."

खोलीत मिणमिणता लाल दिवा होता. वर पाल होती. मी घाबरून डोळे गच्च मिटले.

"आता दिवा काहून इझवला गं?"

दिवा चालूच होता. मी डोळे उघडले. "हां, दिसलं." मिटले की तिला अंधार, उघडले की उजेड. तिला सांगितलं काय चाललंय ते.

"तुझ्या डोळ्यावर जगायचं न्हाई मला. वापरून वापरून सरलं म्हंजी?"

मी रडले, भांडले. ऐकेल ती माय कसली! दुसऱ्याच दिवशी तिनं लोह्याची एसटी धरली, आणि मरेपर्यंत भिंत धरून चालली.

आता मी रिटायर. लेकीची नोकरी लातुरातच, आम्ही दोघी एकत्र राहायचो. एका दुपारी पेपर वाचताना अचानक सगळं काळं झालं. चाचपत तिच्या खोलीत गेले, हाक मारली.

"काय झालं मम्मी? जरा डोळा लागला होता."

आणि मला तिचा चेहरा दिसला.

लातुरातच डोळ्यांचा डॉक्टर झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे स्वतःची रेघ काढून घेतली. दोन्ही डोळे सपाट. घरी काही बोलले नाही. पण त्याच आठवड्यात लेक जिन्यात अडखळली. "मम्मी, हल्ली दिवेलागणीला मला पायऱ्याच दिसत नाहीत."

हा आजार घराण्यातून उतरतो, हे मीच शिकवलंय. तेवढंच असेलही... पण मी पिशवी भरली आणि लोह्याची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत खिडकीतली झाडं दिसत होती. पुढे बाभळी धूसर झाल्या, आणि मग गेल्याच.

लोह्यात बसून मी हे बोलतेय, भावजय लिहून घेतेय. लेक रोज फोन करते, "मम्मी, कधी येतेस?" पायऱ्या दिसायला लागल्या का, एवढं विचारायचं धाडस मात्र मला होत नाही.