लॅपटॉपची खंडेनवमी

नणंदेने वहिनीचं कौतुक करायची आमच्या थेरगावच्या घरात रीत नाही. मी ती आज मोडते. माझी वहिनी तेजस्विनी चाकणच्या एका कंपनीत मशीन दुरुस्तीचं काम करते. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर म्हणतात ना, तशी बाई. मी आणि माझी आई सोजराबाई, आम्ही दोघी चुलीवरच्या, लगेच उकळणाऱ्या.

कंपनीत नवे रोबोट आले. ते शिकायचे तर घरच्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची वेगळी सिस्टिम हवी. दादाचा, म्हणजे जयदीपचा, प्लॉटिंगचा धंदा त्याच लॅपटॉपच्या विंडोजवर चालतो. म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचं वहिनीने ठरवलं. लॅपटॉप सुरू झाला की विचारणार, कुठे जायचं? हवं ते निवडायचं. पण त्याच लॅपटॉपमध्ये आमचे बाबाही होते. ते जायच्या आधी वहिनीने त्यांची भजनं रेकॉर्ड केली होती. दिवेलागणीला ती ऐकल्याशिवाय आईला घास जात नाही.

मुहूर्त काढला खंडेनवमीचा. त्या दिवशी अवजारांची पूजा करायची, ती चालवायची नाहीत. पण दुरुस्तीवाल्यांचं उलटं असतं. मशीन बंद, तोच त्यांच्या कामाचा दिवस. पाने-पकडी, मीटर आणि एक पेनड्राइव्ह पूजेत मांडून वहिनी लॅपटॉप घेऊन बसली. लिनक्ससाठी डिस्कमध्ये जागा करायचं काम त्याला लावून दिलं आणि पुरण वाटायला स्वयंपाकघरात गेली.

त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली आहे, तो चार्जरवरच जगतो. आईला स्क्रीन चालू दिसला. "आजच्या दिशी बी याला सुट्टी न्हाई व्हय!" म्हणत तिने पिन उपटली, झाकण मिटलं आणि वर हळदकुंकू वाहिलं.

आतलं काम अर्ध्यात तुटलेलं, पुन्हा लावला तर काही उघडेचना. दादा ओरडला, "आई, बाबांची भजनं गेली!"

आई लॅपटॉपपाशीच बसली. "म्या घालवलं त्यांना," एवढंच म्हणत राहिली. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. वहिनीलाच म्हणाले, "तुला आजचाच दिवस सापडला?"

वहिनी आईजवळ बसली. "आई, चूक माझी. कंपनीत मशीन उघडलं की त्यावर लाल टॅग लावायचा, म्हणजे दुसरं कोणी बटणाला हात लावत नाही. घरी लावायचा मी विसरले. पण भजनं आहेत. पेनड्राइव्हवर उतरवूनच कामाला बसले. तो पूजेत आहे. सकाळी तुम्हीच त्याला कुंकू लावलंत."

दादा तिकडे धावला, तर वहिनीनेच अडवलं. "पूजेतलं आज उचलायचं नाही ना? उद्या ऐकू."

आई उठली. पेनड्राइव्ह उचलून पदराला पुसला आणि सुनेच्या हातात दिला. "लाव. त्यांनी तरी कवा सुट्टी पाळली?"

टीव्हीला लावला आणि बाबा गायला लागले, मधल्या खोकल्यासकट. आई रडली, मीही रडले. वहिनी पुरणाकडे गेली.

दसऱ्याला तिने विंडोज नव्याने टाकलं आणि शेजारी लिनक्स. चार्जरला लाल टॅग होताच. शिवाय सॉकेटपाशी पाट टाकून आमची आई बसली होती, जेवायलाही उठली नाही. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला दारातूनच सांगत होती, "बटनाला हात लावू नगा. माझी सून काम करतीया."