व्याह्यांची गाडी

गाडीखालून बाहेर येताना आबा नखात थोडी माती घेऊन यायचे आणि सगळ्यांदेखत ती जिभेला लावायचे. मग बाजूला थुंकून म्हणायचे, "खारट हाय. सोडा हिला." गिऱ्हाइकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. वर चकाचक रंग, नवी सीटकव्हरं, पुढे लिंबू-मिरची, आणि हा म्हातारा माती चाखून नाही म्हणतोय!

जुना पिकअप घ्यायला गेलात तर तुम्हीही वरूनच बघाल. सगळेच बघतात. मी जुन्या गाड्या तपासून कर्जासाठी अहवाल लिहितो. सही माझी, पण गाडीखाली पोतं अंथरून शिरायचे ते. माझं पोट त्या कामाच्या आड येतं, आणि खरं सांगायचं तर अक्कलही. त्यांनी उभा जन्म मोंढा नाक्याकडे ट्रकच्या चासीला वेल्डिंग केलेलं. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिन आणि हौदा सगळं तिच्यावर बसतं. समुद्राकाठी मासळी वाहिलेल्या गाड्यांची चासी बर्फाच्या खारट पाण्यानं सडते. मग खालून काळा रंग फासून त्या आपल्याकडे विकायला येतात. संभाजीनगरच्या कोरड्या हवेत गंज कोण शोधणार?

आबा शोधायचे. छोट्या हातोडीनं चासी वाजवत पुढे सरकायचे. "रंग मालकाचं बोलतो सायब, लोखंड सोताचं बोलतं," असं खालून ऐकू यायचं.

एकदा गंगापूरकडचे एक बागायतदार अकरा माणसं, हार आणि पेढे घेऊन गाडी न्यायला आले. यांनी माती चाखली आणि मान हलवली. "अहो, मुहूर्त काढलाय!" बागायतदार चिडले. हे शांतपणे म्हणाले, "मुहूर्त लई चांगला हाय. गाडी नाय. याच मुहूर्तावर दुसरी बघा." वर पेढा मागून खाल्ला.

असा हा माणूस. म्हणूनच पुढचं आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

त्यांची एकुलती एक मुलगी बिडकीनला दिलेली. जावई कष्टाळू. अद्रक वाहायला त्याला पिकअप हवा होता आणि व्याह्यांच्या सख्ख्या भावाचाच विकायचा होता. घरात देवाची मूर्ती आणायची तशा थाटात व्याह्यांनी आम्हाला बोलावलं. अंगणात गाडी उभी, व्याही टोपी घालून तयार.

"मामा, जरा खालून बघता का?" जावई म्हणाला.

आबांनी पिशवीतून पोतं काढलं. तेवढ्यात व्याही हसले. मला ते हसू अजून दिसतं. "पाहुणं, घरची गाडी हाय. बिडकीनच्या बाहेर गेली नाय कधी. माझ्या भावाच्या गाडीखाली शिरून काय चोरी धरायची का आमची?"

ओसरीवर मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, सासऱ्याकडे बघत होती. यांनी पोत्याची घडी घातली. चप्पल सारखी करायच्या निमित्तानं वाकून त्यांनी फुटबोर्डखाली नख फिरवलं, आणि तोंड पुसताना ते जिभेला लावलं. माझ्याशिवाय ते कुणाला कळलं नाही.

"घरचीच हाय. काय बघायचं," ते म्हणाले. व्याह्यांनी पेढे वाटले.

परतताना स्कूटरवर मागे बसून ते म्हणाले, "खारट हाय." मी गाडी बाजूला घेतली आणि नाही नाही ते बोललो. "आत्ता फोन लावा जावयाला!" ते म्हणाले, "पोरगी त्यांच्यात नांदती, सायब. पंचमीला दोघं येतील, तवा कानावर घालतो. चासीला गुपचूप पट्ट्या मारून देतो." जावयाचा नंबर माझ्याकडेही होता. मी लावला नाही. दोन सोयऱ्यांच्या मधे तिसऱ्यानं पडू नये, म्हणतात. ही म्हण मी त्या दिवशी भित्रेपणाला पांघरूण म्हणून वापरली.

पंचमीच्या आधीच, वेरूळच्या उतारावर भरल्या गाडीची चासी मोडली. जावई वाचला, पण मानेखाली कायमचा निकामी झाला.

दवाखान्यात व्याही दहा माणसांसमोर ओरडले, "कसले हो पारखी तुम्ही? नुसत्या डोळ्यानं तरी दिसायला पायजे होतं!" विकणारा भाऊ शेजारीच उभा होता. मुलगी पुढे आली. "आबा, तुम्हाला दिसलं नाय का?"

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

"नाय दिसलं, पोरी. नजर गेली माझी."

बाहेर मी त्यांना अक्षरशः गदागदा हलवलं. का? ते म्हणाले, "खरं सांगितलं तर त्या घरात तिला घास जाईल का? आन माझं तोंड तरी ती परत बघंल का?"

बातमी बाजारात पसरली. म्हाताऱ्याला दिसत नाही. गिऱ्हाइकं आटली. वरून मला सांगण्यात आलं, दुसरा माणूस बघा. आणि मी बघितला! एवढ्या वर्षांत चुकून एकही सडकी गाडी त्यांच्या हातून सुटली नव्हती, हे मला माहीत असताना. त्यानंतरही ते कधीमधी यायचे, चहा घ्यायचे, नव्या माणसाला लांबून बघायचे. काम मात्र मागितलं नाही. थंडीत छातीच्या दुखण्यानं गेले.

दहाव्याला व्याही पुढच्या रांगेत बसून पंगतीची व्यवस्था लावत होते. मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, तुम्ही होता ना तवा. खरं सांगा. आबांना खरंच दिसलं नव्हतं?"

"नाही गं," मी म्हणालो. "नजर गेली होती त्यांची."

"मंग बरं," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले. "दिसून गप बसले असते, तर मी दिवसाला सुद्धा आले नसते."

आणि ताट वाढून घेऊन ती नवऱ्याला भरवायला गेली.