बर्फवाल्या ओरेस्टचा रिकामा रकाना

ओरेस्ट ह्नातिउक पाठीवर पाण्याची टाकी बांधून उलटा चालतो. वीस वर्षं झाली, मॅनिटोबातल्या एका लहानशा गावाच्या कर्लिंग क्लबात बर्फ राखायचं काम त्याचं. कर्लिंग म्हणजे जड दगड बर्फावरून घसरवत पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळात थांबवायचा खेळ. गुळगुळीत बर्फावर दगड नीट घसरत नाही. त्यावर थेंब शिंपडून बारीक दाणे उठवावे लागतात, आणि ते आपल्याच बुटांनी मोडू नयेत म्हणून मागे मागे सरकत जावं लागतं. तोंड काचेकडे. काचेपलीकडे कॉफी पीत बसलेलं अर्धं गाव. त्यामुळे ओरेस्टचा चेहरा गावाला पाठ आहे.

थोरा आणि कॉलीन या दोघींचं लग्न ह्याच क्लबात लागलं. वर्षभरानं त्यांनी ओरेस्टला जेवायला बोलावलं. बशीत पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढता वाढता थोरा म्हणाली, "आम्हाला मूल हवंय. त्यासाठी तू लागशील."

ओरेस्ट तेव्हा सातवी पेरोगी खात होता. "विचार करून सांगतो," म्हणाला, आठवी खाल्ली आणि घरी गेला. पुढचे दोन दिवस बर्फ असा काही झाला की म्हातारे खेळाडू गहिवरले. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा.

"चालेल. पण आईबाप तुम्ही दोघीच. मी कोण, ते पोरं ठरवतील. त्यांनी सांगेपर्यंत मी बर्फवाला."

आधी रुना झाली, दोन वर्षांनी एमिल. दोघंही त्याला ओरेस्टच म्हणतात. दर गुरुवारी तो जेवायला येतो. सायकलींची चाकं त्यानं काढली-बसवली, दगड कसा सोडायचा ते गुडघ्यावर बसून शिकवलं. गावात कुणी डोळा मारून विचारलंच, "काय रे, पोरगी कुणाची?" की ह्याचं उत्तर ठरलेलं. "थोरा-कॉलीनची. मी बर्फ बघतो." चौदा वर्षं हेच.

यंदा कुटुंब चषकाच्या तोंडावर कॉलीन पायरीवरून घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. चषकाला एकाच कुटुंबातले चौघे लागतात. रुना सरळ ओरेस्टचं नाव घालून अर्ज घेऊन गेली. सेक्रेटरी पेट्रिशिनबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"नातं? हा रकाना भरावा लागतो, बाळा. नियम म्हणजे नियम."

"सामना झाल्यावर भरते."

"आधी भरायचा असतो."

"तोवर पेन्सिलीनं टिंब देते," रुना म्हणाली, आणि बाहेर येऊन बाईंचा नाकातला आवाज इतका हुबेहूब काढला की आतून बाईच म्हणाल्या, "ऐकलं हं मी."

ओरेस्ट कोपऱ्यात हातमोजे चाचपत उभा होता. त्या आठवड्यात तो नोटीस बोर्डासमोरून उगाचच चार-पाच वेळा गेला. अर्ज तिथंच लावलेला होता. थोरा, आई. रुना, मुलगी. एमिल, मुलगा. ओरेस्ट, टिंब.

अंतिम सामना म्हाताऱ्या लॉइडच्या घराण्याशी. शेवटचा दगड थोराच्या हातात, आणि तो वर्तुळाच्या मधोमध थांबला की चषक ह्यांचा. एमिल पलीकडच्या टोकाला झाडू धरून उभा. थोरानं दगड सोडला. दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढं झाडूनं बर्फ घासत पळायला रुना आणि ओरेस्ट.

"झाडा, झाडा!" एमिल ओरडला. काचेमागे कॉलीन प्लास्टरचा हात आपटत होती.

अर्ध्या वाटेत रुनाच्या झाडूचा केस दगडाला लागला. दगडाची वाट जरासुद्धा बदलली नाही. पण कर्लिंगमध्ये चालता दगड झाडूला शिवला की तो जळला, आणि तो बाद. असल्या सामन्याला पंच नसतो. शिवलं कुणाचं, त्यानंच सांगायचं.

बघितलं फक्त ओरेस्टनं. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्यानं सांगायचं नव्हतं. तो घासत राहिला, पण त्याचं लक्ष दगडावर नव्हतं, पोरीवर होतं. एक पाऊल. दोन. तीन.

रुना थांबली. हात वर केला आणि पाय आडवा घालून दगड अडवला.

"जळला. माझ्याकडून."

एमिलनं झाडू खाली टाकला. "ताई, कुणी पाहिलं नव्हतं गं."

"मी पाहिलं ना."

झालं, हरले. ओरेस्टनं टोपी काढली, उगाच झटकली, परत घातली. एवढा ताठ तो गावाला कधी दिसला नव्हता.

जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पाजायचं, ही रीत. लॉइड सगळ्यांसाठी गरम चॉकलेटचा ट्रे घेऊन आला, रुनाकडे बघत म्हणाला, "पोरगी अगदी बापावर गेलीय. ह्यानं पण अठ्ठ्याण्णव साली अस्साच हात वर करून चषक घालवला होता."

'बाप' हा शब्द आजवर कुणी ह्या टेबलावर ठेवला नव्हता. ओरेस्ट सवयीनं सुरू झाला, "नाही, मी नुसता बर्फ..."

"ओरेस्ट, चॉकलेट पी," रुना म्हणाली. "बरोबर बोलतायत ते."

ओरेस्टनं थोराकडे पाहिलं.

"माझ्यावर गेली असती तर गप्प राहिली असती," थोरा म्हणाली. "मी तर आनंदानं चषक घेऊन घरी गेले असते."

"आणि माझ्यावर गेली असती तर पायरीवरून पडली असती," कॉलीन म्हणाली.

रुनानं बोर्डावरचा अर्ज काढला, पेन्सिलीचं टिंब खोडलं आणि पेनानं लिहिलं. पेट्रिशिनबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "आमचा. हे काय नातं झालं?"

"मग दुसरं कुठलं असतं?" एमिलनं विचारलं. बाईंनी जरा विचार केला, आणि शिक्का मारला.

चार वाजता पुढचा सामना होता, बर्फ तयार करायला हवा होता. ओरेस्टनं टाकी पाठीला बांधली आणि थेंब शिंपडत मागे सरकू लागला, तोंड काचेकडे. उलट्या चालणाऱ्याला तोंड लपवता येत नाही. काचेपलीकडून दोघी आया, दोन्ही पोरं आणि अर्धं गाव बघत होतं. त्यानंही बघू दिलं.