लुंबिनीच्या वाटेवरचा रुसवा

माझ्या हातून घडलेला एक प्रमाद आज सांगून टाकतो. चहा घ्या, पण मध्ये हसू नका. त्या प्रसंगाचा मला अजूनही राग येतो, आणि तो नेमका कुणावर करावा हे इतक्या वर्षांत निश्चित झालेले नाही.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा आटोपशीर झाला, त्यानंतरची ही गोष्ट. लुंबिनीला तरुण स्वयंसेवकांचे शिबिर होते. यात्रेकरूंना वाट दाखवायची, परिसर स्वच्छ ठेवायचा. आपल्याकडून सात मुले-मुली निघाली आणि सोबतीला वडीलधारे माणूस म्हणून मी. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही. तेव्हा मिळेल त्या स्वस्त बसने, तुकड्यातुकड्याने जायचे ठरले. दोन राज्यांच्या सीमा आणि शेवटी एका देशाची. तीही गुडघे नाकाशी आणि दुसऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन.

या सात जणांत आसगावची प्रणाली होती. घरून इतक्या दूर जाणारी त्यांच्याकडची पहिलीच मुलगी. पुढच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती, परंतु वडिलांनी त्यावर अजून होकार दिला नव्हता. ते भंडाऱ्याच्या बसस्थानकावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमच्या भरोशावर पाठवतो. परवा दिवस बुडायच्या आत पोचल्याचा फोन आला पायजे. नाही आला, तर मी सोता येऊन तिले घेऊन जाईन. मंग वर्षाची गोष्ट काढायची नाही."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. एवढ्यात करडीच्या निकेशला पोचवायला आलेल्या त्याच्या मावशीने विचारले, "कुठी चालले जी सर?"

आता मला सांगा, निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारतात काय? त्याने काम बिघडते, ही समजूत महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? ठाऊक सर्वांनाच आहे. लोकरूढींवरच्या माझ्या ग्रंथात तिच्यावर चाळीस पानांचे प्रकरण मात्र मी एकट्याने लिहिले आहे. मी संतापलो. नागपूर येईपर्यंत मी त्या प्रकरणाचा सारांश सांगितला, जबलपूर येईपर्यंत विस्तार. आणि नियम घालून दिला की लुंबिनी येईपर्यंत कुणीही 'कुठे' हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही.

"मंग सर, कोणती गाडी कुठी जाते हे कसं समजन?" निकेशने विचारले.

"पाटी वाचायची. शाळेत कशाला घातले होते तुम्हाला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोरखपूरला पोहोचलो. मान, पाठ आणि स्वभाव या तिन्ही गोष्टी आखडल्या होत्या. स्थानकाबाहेर झेंडूच्या माळांनी मढवलेली एक बस उभी होती. काचेवर 'नेपाल' एवढे वाचता येत होते. उरलेली अक्षरे माळांखाली झाकली गेली होती.

"सर, त्या भाऊले एकदा इचारून येऊ का, का गाडी..." प्रणाली म्हणाली.

मी तिच्याकडे नुसते पाहिले.

"नाही इचारत जी," ती म्हणाली आणि चढली.

दारातच एका गृहस्थाने प्रत्येकाच्या कपाळी कुंकू-अक्षता लावल्या आणि हातावर लाडू ठेवला. मी तत्काळ वही काढून नोंद केली: 'सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशांस वाहनचालकांकडून प्रस्थानतिलक. प्रथा अद्याप अनभ्यासित.' अख्ख्या प्रवासात मी आनंदी होतो तो एवढाच क्षण.

पुढे तिकीट कुणी देईना. गुलाबी पगडीचे एक भारदस्त गृहस्थ बसमध्ये फिरत होते. मी त्यांच्याकडे आठ तिकिटे मागितली, तर ते कानाला हात लावून म्हणाले, "अरे फूफाजी, आपसे टिकट?"

फूफाजी म्हणजे आत्याचे यजमान. आपल्याकडे कुणालाही काका म्हणतात, तसे इकडे म्हणत असावेत असा मी तर्क केला आणि ठणकावले, "मी फुकट प्रवास करत नाही." त्यांनी हात जोडले. मी आवाज चढवला. त्यांनी मला उचलून पुढच्या प्रशस्त आसनावर बसवले. तिथे कानाशी भोंगा वाजत होता. मी ओरडलो, भोंगा बंद झाला. शेजारी फुलांच्या माळांनी तोंड झाकलेला एक तरुण बसला होता; मी त्याला जरा सरकून बसायला आणि ती फुले आवरायला फर्मावले, त्याने आवरली. एका बाईंनी मला पंख्याने वारा घालायला सुरुवात केली. "फूफाजी नाराज़ हैं, फूफाजी नाराज़ हैं," अशी कुजबुज आसनाआसनावरून मागे सरकत गेली.

मागून निकेशचा आवाज आला, "सर, रागवत राहा जी. आता रबडी येऊन राहिली."

सीमेवर एक अधिकारी बसमध्ये चढला आणि पहिल्याच आसनावरच्या मला त्याने विचारले, "कहाँ जा रहे हैं?"

या प्रश्नाने माझा उरलासुरला तोल गेला. "घर से निकले हुए आदमी को यह नहीं पूछते. आपकी दादी ने सिखाया नहीं?"

गुलाबी पगडी हलक्या आवाजात म्हणाली, "साहब, फूफाजी हैं. नाराज़ हैं."

एखादा शिक्का मारलेला कागद पाहावा तसे त्या अधिकाऱ्याने मला न्याहाळले. "हमारे यहाँ भी एक हैं," तो सुस्कारा टाकून म्हणाला आणि त्याने गाडी पुढे जाऊ दिली.

पुढे लुंबिनीची पाटी आली. बाण डावीकडे होता. बस उजवीकडे वळली.

प्रणाली ताडकन उठली आणि तिने माझ्यादेखत नियम मोडला. "भैया, ये गाड़ी कहाँ जा रही है?"

"लड़कीवालों के घर, बिटिया," गुलाबी पगडी म्हणाली. "बारात और कहाँ जाएगी?"

मी हळूच शेजारी पाहिले. ज्याला मी सरकून बसायला लावले होते, तो नवरदेव होता.

लग्नघरी पोहोचलो तेव्हा तिसरा प्रहर कलत होता. लुंबिनीकडे जाणारी गाडी दुसऱ्या दिवशीच मिळेल असे कळले. प्रणाली मांडवाच्या खांबाला टेकून सूर्याकडे पाहत होती. "सर, बाबा खरंच येतीन," एवढेच ती म्हणाली. माझा सगळा राग तिथल्या तिथे ओसरला. मी गुलाबी पगडीकडे निघालो. खरे सांगून पाय धरणार होतो. प्रणालीने वाट अडवली.

"सर, तुमी काही सांगू नका. तुमी फक्त रागवा. गाडीचं माह्यावर सोडा."

"मला आता राग येत नाही."

"येत नाही?" तिने क्षणभर विचार केला. "सर, तुमचं ते चाळीस पानाचं प्रकरण म्या वाचलं. दहा पानातच झालं असतं."

मी गर्रकन वळलो. माझ्या चेहऱ्यावर काय होते मला ठाऊक नाही, पण गुलाबी पगडी धावतच आली. "फूफाजी फिर नाराज़?"

"पहले लुंबिनी के दर्शन," प्रणाली नम्रपणे म्हणाली. "उसके बिना पानी भी नहीं पिएँगे."

थोड्याच वेळात जीप दारात उभी राहिली. माझ्या डोक्यावर एक गुलाबी पगडी बांधण्यात आली आणि मांडीवर मिठाईची पाटी ठेवण्यात आली.

वाटेत मला सत्याची टोचणी लागली. मी चालकाला सांगून टाकले की मी तुमचा फूफाजी नव्हे.

"मालूम है," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "असली फूफाजी गोरखपुर में छूट गए. बॉर्डर पर ही उनका फ़ोन आया था, बहुत नाराज़ हैं."

"मग ही जीप?"

"वो गुलाबी पगड़ीवाले मामाजी बोले, रूठा हुआ आदमी शादी के घर से ख़ाली नहीं जाता. अपना हो या पराया."

लग्नातला जुन्या जावयांचा रुसवा हा निव्वळ अभिनय असतो, त्यात खरा राग नसतो, असे मी माझ्या ग्रंथात साधार सिद्ध केले आहे. वही पिशवीत होती. मी ती बाहेर काढली नाही.

शिबिराच्या दारी उतरलो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकला होता. प्रणालीने फोन लावला आणि घडलेले सगळे, अगदी सगळे, वडिलांना सांगितले. मग फोन माझ्या हातात दिला. मी दोषी माणसासारखा उभा राहिलो.

"सर, पोट्टी टायमावर पोचली. वर्षभराचं हो म्हणतो मी," ते म्हणाले. मी आभार मानू लागलो, तर त्यांनी थांबवले. "अन् एक इनंती होती जी. उन्हाळ्यात माह्या पुतनीचं लगन हाय. तुमी या."

"नक्की येईन."

"याच. आमचे जवाई लय गरीब सभावाचे, कोणी रुसतच नाही. मांडव कसा सुना सुना वाटते."